विडीचा वास आणि चुन्याचे पाच हात

रंगाऱ्याकडे किस्से साठतात ते जुन्या भिंतीसारखे. डिचोलीतली कुठलीही भिंत खरवडा. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा, आणि सगळ्यांच्या खाली कुणा आजोबाच्या लग्नातला गुलाबी! एक काढला की दुसरा दिसतो. मला काढायची हौस नाही. खांदे दुखतात, बोलायचाही कंटाळा येतो. पण यंदा माझ्याच घराने ते काढायला लावले.

झालं असं. माझ्या मुलाला, दिगूला, मुलगा झाला. सून सुमन बाळंतपणाला माहेरी, पेडण्याकडच्या हळर्णला गेली, ती तिथेच राहिली. पोर छातीने नाजूक. डॉक्टरने सांगितलं, धूर नको, धुराचा वासदेखील नको. सुमनने दिगूकडे निरोप धाडला, "मामांनी विडी सोडली, पण घरान खंय सोडल्या? वास गेलो की येतंय."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. म्हणजे मी. बेचाळीस वर्षं विडी ओढलेला.

विडी मी डॉक्टरचं बोलणं कानावर आलं त्याच दिवशी सोडली होती. पण नातू सहा महिन्यांचा झाला तरी या घरात आला नव्हता. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, महिन्यावर आली होती, त्याची पहिली चवथ. आणि घर नाक वर करून सांगत होतं, इथे म्हातारा ओढतो!

लोक हसायचे. "अर्ध्या डिचोलीच्या घरांचा वास काढलास, तुझ्या चार खोल्यांचा निघत नाय?"

नाही निघत! विडीचा वास काय चीज असते ते या लोकांना ठाऊक नाही.

* * *

गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागेची गोष्ट. कोंकणी की मराठी, यावरून गावभर भांडण. घराघरांच्या भिंतींवर घोषणा. बाजारातल्या एका घराच्या भिंतीवर तर दोन्ही बाजूंच्या! मालकाने आम्हाला बोलावलं. आम्ही तिघे. मी, दोडामार्गाकडून आलेला सोनू, आणि बाबलो. बाबलो कामं आणायचा, म्हणून स्वतःला कंत्राटदार म्हणवायचा.

घोषणा पुसायला चुन्याचे दोन हात पुरले. दोन्ही भाषा गप्प!

मग मालक आत घेऊन गेला. त्याचा काका वारला होता. काका दिवसभर एकाच कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, भिंतीला डोकं टेकून विड्या ओढायचा. तिथे डोक्याएवढा गोल पिवळा डाग. आम्ही सोड्याने धुतला. एक हात मारला, दोन मारले. तिसऱ्या दिवशी डाग हजर. तिसरा, चौथा हात. दोन दिवसांनी परत हजर! जरा जास्तच गोल.

पाचव्या हाताला गेलो तर मालकाच्या बायकोने डागाखाली पाट ठेवून पणती लावलेली. वर जास्वंदीचं फूल.

"आतां पुसू नकात," ती म्हणाली. "काका परत येतत तर येवं देत."

सोनू कुंचा घेऊन तसाच उभा. बाबलो त्याच्यावर खेकसला, "रे, मागे सर! देवावर चुनो मारतत?"

* * *

पाळीला खाणीवर ट्रक चालवणारे आठ जण एका खोलीत राहायचे. सगळे सिंधुदुर्गातले. त्या गावात बाहेर सगळं खनिजाच्या धुळीने लाल. या खोलीत मात्र आत सगळं पिवळं! छत पिवळं, दिवा पिवळा, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पिवळं. आठ माणसं, दिवसरात्र पाळ्या, म्हणजे विडी कधी विझायचीच नाही.

घरमालक कंटाळला. म्हणाला, बाहेर व्हा. ते गेले. आम्हाला बोलावलं.

तीन दिवस आम्ही खोली धुतली. पहिल्या दिवशी भिंतीवरून चहासारखं पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी दूध घातलेल्या चहासारखं. तिसऱ्या दिवशी स्वच्छ. मग आधी तेलाचा हात, म्हणजे डाग आत कोंडून राहतो, आणि त्यावर रंग. खोलीत लिंबासारखा वास यायला लागला. मालक खूश. म्हणाला, "आता बरे भाडेकरू बघतंय."

आम्ही शिड्या बांधत होतो तोच भाडेकरू आले. न्हालेले, भांग पाडलेले, इस्त्रीचे शर्ट. आठ जण!

मालक बघतच राहिला. "तुमीच?"

त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "होय. पयली ती खोली आमी सोडली. लय वास मारी होती!"

* * *

आमोण्याला एका बाईने आम्हाला बोलावलं तेव्हा ती रडकुंडीला आलेली. नवऱ्याच्या विडीचा वास जात नाही. शेजारणीने सांगितलं ते सगळं करून झालेलं. कोनाड्यात कापलेले कांदे. खिडकीत बशीत शिर्का. पलंगाखाली कॉफीची पूड. आरमारात, म्हणजे कपाटात, कापूर. कोळसे टोपलीत घालून दारामागे. सकाळ-संध्याकाळ धूप.

आम्ही आत पाऊल टाकलं आणि सोनूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला विचाराल तर विडीचा वास त्यात कुठे सापडतच नव्हता. बिचारा घाबरून गेला असणार!

"नवरा खंय?" बाबलोने विचारलं.

नवरा अंगणात फणसाखाली बसलेला. हातात विडी.

"काका, निदान आज तरी नको," मी म्हटलं.

तो म्हणाला, "आंत बसवना, बाबा. जीव गुदमरता. म्हणून हांगा वाऱ्यार येवन ओडटां."

* * *

पेडण्याला एका वकिलाचं घर. वकील स्वतः कशाला शिवत नाही, पण त्याचा बाप ओढायचा. बाप मुलीकडे राहायला गेला आणि वकिलाने आम्हाला लावलं. नाक कसं त्याचं? पोलिसाच्या कुत्र्यासारखं! आम्ही खोली धुवायची, त्याने मागून हुंगत यायचं आणि म्हणायचं, "अजून येता."

परत धुवा. परत "अजून येता."

पाच दिवस! माझ्या बोटांची सालटं निघाली सोड्याने. मी बाबलोला म्हटलं, हे घर माझा जीव घेणार. वकील म्हणाला, तुम्हाला काम येत नाही. चाळीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. राग आला. पण वास तर येत होता, तो मलाही येत होता. ताजा.

सहाव्या दिवशी मी वर बघितलं. सोनू शिडीच्या टोकावर, एक कौल सरकवून त्या भोकात तोंड घालून उभा. गळ्यापर्यंत घरात, डोकं घराबाहेर.

"रे मेल्या, काय करतंस?"

डोकं आत आलं. तोंडात विडी.

"तुमी ओरडतास कित्याक?" सोनू म्हणाला. "मी घरात खंय ओढतंय? भायर जावन ओढतंय!"

* * *

एवढं सगळं माहीत असून माझ्या घरात माझी अक्कल संपली.

भिंती धुतल्या. तेलाचा हात दिला, रंग दिला. कौलं उतरवून विहिरीवर एकेक घासली. वासे पुसले. गाद्या फोडून कापूस उन्हात टाकला. दिगूने सुट्टी घेतली, सोनू आणि बाबलो फुकट राबले, फक्त तोंडं चालू ठेवून. बाबलो म्हणायचा, "दुसरं गिऱ्हाईक असतं तर आतांपर्यंत मी पळून गेलो असतो."

आमची ही रोज सकाळी दारातून आत यायची, थांबायची, नाक ओढायची आणि मान हलवायची. बोलायची नाही. बेचाळीस वर्षं बोलली होती, आता गरज नव्हती.

तिने एकदा नातवाचं झबलं शिवून माझ्यासमोर ठेवलं. "सा म्हयन्यांचो म्हणून शिवलां. तुमचो वास जायसर लहान पडतलां." मी परत बादली उचलली.

शेवटी वास सापडला तो तिलाच. चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतो. म्हणजे लाकडी चौकट, तिला रानातली फळं, फुलं, सुपाऱ्या टांगायच्या. आमची चौकट वर्षभर वरती वाशांना बांधलेली असते. बरोबर माझ्या खाटेवर! बेचाळीस वर्षं मी खाली आडवा पडून ओढलं आणि ती वर लोंबकळत धूर पीत होती.

हिने ती खाली काढली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं.

"दर चवथीक देवाक हीच माटोळी बांदली," ती म्हणाली. "आणि देव दीड दिवसांत पळता कित्याक म्हणून विचारतास!"

चौकट नदीवर नेऊन घासली, तीन दिवस उन्हात ठेवली. चौथ्या सकाळी ही दारात थांबली, नाक ओढलं, आणि आत जाऊन चहा ठेवला. मी पायरीवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही.

* * *

पण हिच्या नाकावर सुमनचा विश्वास नव्हता. तिने वडिलांना बघायला पाठवायचं ठरवलं. आमचे व्याही हळर्णला शाळामास्तर होते. कडक. मुलगी त्यांना आण्णा म्हणते आणि अर्धा गावही.

ठरलं असं की आण्णा सकाळच्या बसने पुढे येतील. दुपारी दिगू सुमनला आणि पोराला रिक्षाने आणेल. आण्णांनी वास नाही म्हटलं तर ती आत येईल. आहे म्हटलं तर रिक्षा दारातूनच माघारी. नातवाला पुढच्या चवथीला बघा.

आण्णा आले. चपला काढल्या, पाय धुतले, आणि हात मागे बांधून चारही खोल्या फिरले. पेपर तपासावा तसे. पलंगाखाली वाकले. आरमार उघडलं. गाद्या हुंगल्या. माटोळीची चौकटसुद्धा हुंगली! मी मागे, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "वास ना. कायच ना."

मी म्हटलं, बसा, शहाळं काढून आणतो. ही मागे चुलीपाशी होती. मी माडाखाली गेलो, शहाळं सोललं, घेऊन आलो.

दारातच थांबलो. वास!

आण्णा मधल्या खोलीत जनेलापाशी बसलेले. खिडकी बंद, कारण शेजाऱ्यांनी बघायला नको. हातात विडी, अर्धी संपलेली. डोळे मिटलेले.

"आण्णा!"

त्यांनी डोळे उघडले. मास्तरांचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं.

"सा म्हयने, व्याहीबुवा," ते म्हणाले. "ती घरांत. गोठ्यांत गेलंय तरी हुंगता. सा म्हयने एकय ओढूंक ना. आतां ती हांगा रवतली म्हणून जीव इतको हलको झालो..."

बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला.

विडी मी शहाळ्यात बुडवली. आण्णा उपरणं गरागरा फिरवायला लागले. त्याने धूर जास्तच पसरला. ही धावत आली, नाक ओढलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. तिने माझ्याकडे बघितलं. आण्णांकडे नाही, माझ्याकडे!

सुमन उंबऱ्यावर उभी. कडेवर पोर, तोंडावर तिचा पदर. दिगू मागे पिशव्या घेऊन. तिने आत पाय टाकला नाही. एकदाच श्वास घेतला.

आण्णा छताकडे बघत होते. व्याह्याचं नाव मुलीसमोर कसं घ्यायचं? आणि नाही घ्यावं तर रिक्षा माघारी.

मी म्हटलं, "म्हजोच वास, बाये. एकच ओढली. चूक झाली."

सुमनने परत श्वास घेतला. सावकाश. मग मान हलवली.

"ना, मामा. तुमच्या विडयेचो वास म्हाका ठावक आसा. हो तुमचो न्हय."

ती आत आली, खिडकी उघडली, परतली आणि पोर माझ्या हातांत दिलं. सहा महिन्यांचं, गरम, वळवळणारं. मी नीट धरलं की नाही तेही मला कळलं नाही.

मग तिने कोपऱ्यातल्या चपला उचलल्या आणि बापाच्या पायांपाशी ठेवल्या.

"आण्णा," ती म्हणाली, "पेडण्याची बस दीडाक आसा."