दोन्हीकडचे डॉक्टर

नापास झालेल्यांचे किस्से एका वाक्यात संपतात. पास होऊन लटकलेल्यांकडे मात्र ढीग असतो! इंटर सायन्सनंतर नगरच्या एका खोलीत आम्ही तिघं असेच लटकलो होतो. पुणतांब्याचा मधू, खर्ड्याचा भाऊसाहेब आणि मी. तिघांनीही मेडिकलला अर्ज केला होता आणि तिकडे नाहीच जमलं तर हाताशी असावं म्हणून आयुर्वेदालाही. बाहेर दुष्काळ होता आणि आमची आत काही वेगळी अवस्था नव्हती.

*

मधू भलताच चलाख. मेडिकलच्या अर्जासाठी त्यानं उसना टाय लावून फोटो काढला. आयुर्वेदासाठी कपाळाला गंध, डोक्यावर टोपी. चिकटवताना मात्र घाईत अदलाबदल झाली! टायवाला आयुर्वेदाला गेला, गंधवाला मेडिकलला. बोलावणं कुठूनच आलं नाही.

"मार्क कमी पडले असतील," भाऊसाहेब त्याची समजूत घालायचा.

"मार्क न्हाई रं, टोपी जास्त झाली!" असं म्हणून मधू भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

*

मला आयुर्वेदाच्या इंटरव्ह्यूला बोलावलं. समोर तीन वैद्य. "आयुर्वेदावर श्रद्धा आहे?"

"पूर्ण आहे सर!"

"मग दंड का धरून बसलात?"

खोटं सुचेना. "काल कॉलऱ्याचं इंजेक्शन घेतलं सर."

"आणि श्रद्धा?"

"आहे सर, पण दंड दुखतोय!"

तिघंही पोट धरून हसले. मला वाटलं, झालं काम! पण काम झालं नव्हतं.

*

आमच्यात खरा हुशार भाऊसाहेब. वडील लहानपणीच गेलेले. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि शेजारणींना सांगायची, "माजा भाऊ डाक्टर हुनार हाय." त्याला ॲडमिशन मिळायच्या आधीच गावानं त्याचा सत्कार करून टाकला! दुष्काळ पाहायला एक पुढारी आले होते.

"पाव्हनं परत गावायचं न्हाईत," सरपंच म्हणाले. "ॲडमिशन काय, हुईलच की!"

गुलाबी फेटा, हार, नारळ. पुढाऱ्यांनी कौतुकानं विचारलं, "ॲलोपॅथी की आयुर्वेद?"

भाऊसाहेबानं तोंड उघडायच्या आत सरपंच ओरडले, "दोन्हीबी!"

टाळ्या!

*

पुण्याला मेडिकलची यादी लागली त्याच दिवशी दुपारी नगरला त्याचा आयुर्वेदाचा इंटरव्ह्यू होता. तो पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेला. यादीत नाव नव्हतं. नावं संपल्यावर खालचा कोरा कागदही आपण वाचला, असं त्यानं मला नंतर सांगितलं. परतीच्या एसटीचं चाक सुप्याजवळ बसलं. नगरला धावत कॉलेज गाठलं तेव्हा कारकून कुलूप लावत होता.

"पुढच्या वर्षी या," कारकून म्हणाला. "जरा लवकर निघा!"

हे सांगताना भाऊसाहेब हसला. मला मात्र रडू आलं.

*

दिवाळीनंतर मी त्याला भेटायला खर्ड्याला गेलो. खडीच्या कामावर आईशेजारी बसून तोही दगड फोडत होता. उन्हासाठी डोक्याला तोच गुलाबी फेटा.

"आईला सांगितलंस?" मी हळूच विचारलं.

"न्हाई. दुष्काळामुळं कालेजं बंद हायेत म्हनून सांगितलंय."

तेवढ्यात आईच्या अंगठ्यावर हातोडी बसली. रक्त यायला लागलं. कामावरचा कंपाउंडर पेटी घेऊन धावला, तर म्हातारीनं हात मागं ओढला.

"पोरगा डाक्टर असताना तुमाला कशापायी तरास?" आणि तिनं अंगठा लेकापुढं धरला.

बाया भोवती जमल्या. भाऊसाहेबानं फेट्याचं टोक फाडलं, अंगठ्याला गुंडाळलं आणि गाठ मारली. आईनं अंगठा उलटासुलटा करून सगळ्यांना दाखवला. बाया आपापल्या ढिगाकडं गेल्या. मग तिनं हातोडी उचलली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"कालेज न्हाई उघडलं तरी चालंल रं बाळा."