ओल्या मातीला हात लावायचा नाही

कवळीवाले पहिल्या दिवशी माझ्या मातीकामाच्या वर्गात आले, तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते. बावन्न वर्षांचा माणूस, मातीला कधी हात लावलेला नाही, आणि म्हणतो काय, "बाई, मला एक डोकं करायचंय. सहा महिन्यांत जमेल?"

"आधी माती मळायला शिका," मी म्हटलं. "डोकी मागाहून."

कवळ्या करणं हाच त्यांचा धंदा. तीस वर्षं मेणात दात घडवले. मग त्यांच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आला आणि म्हातारपणी पुन्हा पाटी-पेन्सिल हातात घ्यायची वेळ आली. तिथली एक पोरगी त्यांना पडद्यावर घडवायला शिकवायची. म्हणजे सकाळी पडद्यावरची माती, संध्याकाळी माझी माती, आणि दोन्हीकडे हे नवशिके. पडद्यावर चुकलं तर दोन बटणं दाबायची, चूक गायब! ती सवय इतकी अंगवळणी पडली की माझ्याकडे नाक जरा जास्त कापलं गेलं, तरी डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर आपटायची. "आपटा, आपटा," मी म्हणायचे, "माती ऐकतेय का बघा." बिचारे ओशाळून हसायचे.

डोकं कुणाचं, ते त्यांनी पहिल्या महिन्याच्या शेवटी सांगितलं. मुलाचं. एकुलता एक, तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. मागोमाग बायकोची नजर गेली, साखरेच्या आजाराने.

"आता फोटो असून नसून सारखेच," ते म्हणाले. "परवा मला म्हणाली, अहो, त्याचा चेहरा मला आठवेनासा झालाय. बोटांना तरी आठवेल का, बघू."

त्या दिवशी मी वर्गात कुणावरच ओरडले नाही.

त्यांनी दोन्हीकडे एकदमच सुरुवात केली. पडद्यावरचं डोकं महिन्याभरात उरकलं, कारण तिथे एक बाजू आपण घडवायची, दुसरी आपोआप तशीच होते. नवशिक्याला याहून काय हवं? मातीला मात्र पाच महिने लागले. मी येता-जाता चुका काढायचे. उजवा कान वर गेलाय. डावी भुवई चढलीय, खाली घ्या. हनुवटी वाकडी आहे. ते "हो बाई" म्हणायचे आणि बदलायचे काहीच नाहीत. माझं डोकं फिरायचं. शिष्य आहे की भिंत!

एकदा त्यांची बायको आली, त्यांच्या दंडाला धरून. डोक्यासमोर उभी राहिली, हात वर केला आणि मला विचारलं, "लावू?"

मी म्हटलं, "छे छे! ओल्या मातीला हात लावायचा नाही. बोटं उमटली की सगळी मेहनत पाण्यात. भाजून पक्कं झालं की मनसोक्त फिरवा."

वर्गाचा नियमच आहे तसा, वीस वर्षांपासूनचा. तिने हात मागे घेतला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाली, आणि दोघं घरी गेली.

आता भाजण्याआधीचं काम. डोकं भरीव भट्टीत गेलं तर फुटतं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवते. कानापासून कानापर्यंत तार फिरवायची, वरचा भाग टोपणासारखा उचलायचा, आतली माती कोरून काढायची आणि परत जोडून सांधा पुसायचा. तासाभराचं काम. कवळीवाले रोज म्हणायचे, "उद्या करतो." शेवटी मी चिडले, तेव्हा म्हणाले, "केलं बाई." महिनाभर वाळू दिलं. भट्टीत ठेवायलाही मला हात लावू दिला नाही, पोटाशी धरून स्वतःच आत ठेवलं. मी उचललं असतं तर वजनावरूनच कळलं असतं.

पहिल्या दोन तासांतच आत धाड् झालं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. नुसत्या ठिकऱ्या. मी त्यांच्यावर तुटून पडले, "खोटं बोललात! कोरलंच नव्हतं तुम्ही!"

ते खाली बसून एकेक तुकडा गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "तार घेतली होती हातात, बाई. पण त्याचं पोस्टमॉर्टेम केलं ना, तेव्हा तिथूनच कापलं होतं. कानापासून कानापर्यंत. शिवून दिलं होतं परत. मला पुन्हा नाही जमलं. वाटलं, एवढं वाळवलंय, नाही फुटणार."

मीही खाली बसले आणि तुकडे वेचू लागले.

त्यानंतर ते आले नाहीत. पंधरा दिवसांनी मीच त्यांच्या घरी गेले. टेबलावर पांढरं प्लॅस्टिकचं डोकं होतं, पडद्यावरचं, लॅबच्या यंत्रावर छापून आणलेलं. मी बघतेय हे ओळखून ते म्हणाले, "हिला नाही पटलं."

"दोन्ही भुवया सारख्या आहेत," बायको म्हणाली. "हा कुणाचा तरी मुलगा असेल. आमचा नाही." मग आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तुम्ही मातीतला बघितलात ना? रोज बघत होतात. सांगा ना, कसा होता?"

मी तोंड उघडलं आणि लाजच वाटली. पाच महिने मी फक्त चुका बघितल्या होत्या. मग त्याच सांगितल्या.

"डावी भुवई वर होती."

"हं," ती म्हणाली. "काही विचारलं की चढायची. अजून?"

"उजवा कान जरा वर. हनुवटी डावीकडे वाकलेली."

"झोक्यावरून पडला होता, पाच वर्षांचा असताना." तिने हात उचलला होता, समोर हवेत, चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. "अजून?"

अजून मला काहीच माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला हात लावू द्यायला हवा होता."

"हो," ती म्हणाली. "द्यायला हवा होता."