ड्रॅगनची शेपटी

डांबर गोळ्यांचा वास आला की मला नेरच्या घरातली भाईजानची पेटी आठवते. जपानी कार्टून सिनेमांतली चित्रं पाठीवर भरलेली सॅटिनची जाकिटं तो वेड्यासारखी जमवायचा. "आपल्या उन्हात हे कायले?" म्हणत शिंपीकाम करणारे अब्बू हसायचे. मग भाईजान अपघातात गेला. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर जाकिटं गरजूंना वाटायचं ठरलं, तेव्हा अब्बू एकेक जाकीट मांडीवर घेऊन सुटलेले टाके पुन्हा घालू लागले. म्हणाले, "उसवलेलं कोणाले देऊ नाही." शेवटच्या जाकिटावर ड्रॅगनची शेपटी उसवली होती. अब्बूंनी सुईत दोरा ओवला, शेपटीवरून बराच वेळ बोट फिरवलं आणि सुई तिथंच खोचून ठेवली. आजही माहेरी गेले की ते जाकीट पेटीत दिसतं, सुईसकट. "टाका राह्यला अजून," अब्बू म्हणतात, "कसं देऊ?"