टर्बोवाल्या सांडूची घाटातली ट्रायल

गारखेड्यात सांडू मिस्त्रीच्या गॅरेजवर पाटी आहे, 'टर्बो गाड्यांचं काम खात्रीनं'. अक्षरं त्यानंच रंगवलेली, म्हणून वाकडी. शिक्षण सातवी, गाव खुलताबादजवळचं, कारागिरी ट्रॅक्टरवर शिकलेली. अशा माणसाला अक्कल शिकवायला रोज कुणीतरी येतं. मी गॅरेजवर रोज बसणारा, माझं डोकं तिथंच फिरतं. सांडूचं फिरत नाय, तो पाना पुसत ऐकून घेतो.

श्रीरंगराव असेच आले. बँकेत साहेब, टर्बो पेट्रोल गाडी, हातात खोकं. त्यात ऑनलाइन मागवलेला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा सिलिंडरांत वाटून देणारा नळ्यांचा जोड. कंपनीचा काळ्या प्लास्टिकचा होता. हा ॲल्युमिनियमचा, लग्नातल्या समईसारखा चकचकीत. हा बसवला की गाडी उडते, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. मोबाईलवर लोकं काय काय उडवतात!

सांडूनं समजावलं. याच्या नळ्या आखूड आणि रुंद. इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर पळवणाऱ्याला फायदा. मोठा टर्बो टाकून रेसला जायचं असेल तर जरूर घाला. नाहीतर कंपनीच्या टर्बोला कंपनीचाच जोड पुरतो, उलट यानं हळू चालीतली ओढ जाईल.

श्रीरंगराव पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, ट्रॅक्टर खोलणाऱ्याला टर्बोतलं काय कळणार?"

सांडूनं पाटीकडं बघितलं.

"बसवून देतो. ट्रायलमधी गाडीनं जास्त ओढलं, तर पाटीवरचं 'टर्बो' मी खरवडतो. नाय ओढलं, तर हितंच, एवढ्याच आवाजात, चुकलो म्हणायचं."

सांडूची ट्रायल म्हणजे रिकामी गाडी जालना रोडवर पळवणं नव्हे. गिऱ्हाइकाचं कुटुंब आत, एसी चालू, आणि दौलताबादचा घाट. पुढं साहेब आणि सांडू, मागं साहेबांच्या पत्नी दमयंतीवहिनी, त्यांच्या आई आणि वजन भरायला मी. पहिल्या दिवशी जुन्या जोडावर घाट चढलो, गाडी कुरकुरली नाही. मग सांडूनं नवा बसवला. सांध्यांवर साबणाचं पाणी मारून हवा गळते का तेही पाहिलं. एक बुडबुडा नाही. आपणच हरावं इतकं चोख काम.

दुसऱ्या दिवशी तीच माणसं, तोच घाट. पुढं कांद्याचा टेम्पो आला. गाडी हळू झाली. तो बाजूला झाल्यावर श्रीरंगरावांनी पाय दाबला. गाडीनं विचार केला. परत दाबला. अजून विचार. शेवटी गिअर उतरवला, इंजिन बोंबललं, तेव्हा हलली. वरच्या फेऱ्यांना जरा सुसाट गेली, हे मान्य. पण तोवर वळण आलं.

"काल तर चटकन निघाली होती," वहिनी म्हणाल्या. "एसी बंद करता, की आईला उतरवू?"

सांडू खिडकीबाहेर बघत राहिला.

गॅरेजात आज माणसं दुप्पट होती. बातमी फुटली होती. श्रीरंगराव पुटपुटले, "चुकलो."

"परवा आवाज बरा होता," सांडू म्हणाला.

साहेबांचे कान लाल झाले. "चुकलो, मिस्त्री. टर्बो तुम्हाला कळतो." समोरच्या पानटपरीपर्यंत ऐकू गेलं.

सांडूनं बॉनेट उघडलं, जुना जोड जवळ ओढला. "बसा साहेब, च्या सांगतो. इंजिन गार झाल्याबिगर हात लावता येत नाय."