बाभळीच्या खुंट्या

नव्वदच्या दशकात, धरणाचं पाणी शिवारात चढायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आम्ही आंबेगावच्या डोंगरातलं आमचं लाकडी घर उतरवलं आणि ट्रकमधून निरगुडसरजवळ मिळालेल्या जागेवर आणलं.

घरात लोखंडी खिळा नव्हता. ऐनाचे खांब, त्यांवर तुळया, भिंतींच्या जागी शेणाने लिंपलेले कारवीचे कूड आणि प्रत्येक सांध्यात लाकडाची खुंटी. घर उतरवलं की जुन्या खुंट्या चुलीत घालायच्या, ही आमच्याकडची रीत. नव्या तासायला रान दारातच असायचं. याही वेळी आईने त्यांच्यावर भात शिजवला. इकडे आल्यावर लक्षात आलं की रान नाही. चहूकडे ऊस आणि कांदा.

वळवाचे ढग येऊ लागले होते. खांब जमिनीवर, आम्ही ताडपत्रीखाली आणि आईचे दिवस भरत आलेले. सुतार म्हणाला, लोखंडी बोल्ट घाला. ते जुन्या भोकांत हलतील, असं वडिलांचं म्हणणं पडलं.

शेजारचा शेतकरी बांधावरून पाहत होता.

"काय पावणं, हाडं आणली अन् सांधं तिकडंच जाळलं व्हय?"

वडील म्हणाले, "तसंच झालंय, भाऊ."

तो घरी गेला आणि बाभळीचं वाळलेलं लाकूड खांद्यावर घेऊन आला. नव्या बैलगाडीसाठी गोठ्यात जपून ठेवलेलं.

आई आडवी आली. "काटेरी लाकूड घरात नाय घालत आमी."

"वहिनी, काटं कवाच गेलं. आमची सोयरीधायरी बाभळीच्या गाडीतच बसत्यात. कुनाला टोचल्याचं ऐकलं न्हाई."

आई हसली. "मग तासा बिगीनं. माझं काय खरं नाय."

त्याने आणि वडिलांनी खुंट्या तासल्या. सांगाडा उभा करायला वस्तीतली माणसं आली, बोलावणं न जाता. कौलं चढली, मग पाऊस झाला. धाकटी बहीण त्याच घरात जन्मली. शेजाऱ्याने त्या वर्षी नवी गाडी केली नाही. नव्या बाजरीची पहिली भाकरी आई दरवर्षी त्याच्या घरी पाठवत असे.

दोन हजार दहानंतर, त्याच बहिणीच्या लग्नाआधी, कौलं काढून पत्रा घातला. तेव्हा सुताराने प्रत्येक खुंटी हातोडीने वाजवून पाहिली. एकही बदलावी लागली नाही.