परत आलेला डबा

डबा परत आला तेव्हा जड होता. आईनं झाकण काढलं. वरण, भात, मेथीची भाजी, पोळ्या. जसंच्या तसं. तिनं बोट बुडवून वरण चाखलं. "खारट झालं का गं?"

मला कळलं होतं.

डबा सरांचा. सर एमएला आम्हाला समाजशास्त्र शिकवायचे. संस्कृती आणि विषमता हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यावरच पुस्तकं, त्यावरच सत्कार. बायको नांदेडला रेल्वेत नोकरीला, म्हणून लातुरात एकटेच. कितीतरी वर्षं डबा आमच्याच मेसचा. "ताई, तुमच्या हाताला चव आहे," असं आईला फोनवर सांगायचे. वर्गाच्या यादीत माझं आडनाव होतं, पण मी ताईंची मुलगी, हे त्यांना माहीत नव्हतं.

भूकंपात आईचं औशाकडचं घर गेलं. माझा जन्म नंतरचा. ती लातुरात आली, कोचिंग क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. पाटीवर नुसतं 'ताईंची मेस'. आडनाव नाही. त्या मेसच्या जोरावर मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे आणखी एक गोष्ट शिकले, कमी बोलायची.

आदल्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "आपापल्या घरची गोष्ट सांगा. प्रामाणिकपणे."

मी वर्गात तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं. आमचं घर गावाबाहेर, बौद्धवाड्यात होतं. भूकंपानंतर सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी शेजारी झोपलं. मग नवं गाव बसलं. आमची गल्ली पुन्हा शेवटची. मग आई लातुरात आली, 'ताईंची मेस' काढली.

सरांनी डोळे मिटून ऐकलं. "फार मोलाचं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हा डबा. मागून आईला फोन. "ताई, डॉक्टरांनी तेल बंद केलंय."

त्याच संध्याकाळी ते मला कोपऱ्यावरच्या मेसमध्ये दिसले. पुरीभाजी खात होते.

आठवड्यानं त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "नांदेडला परिषद आहे. तू बोलायचं. इंग्रजी नको. आई बोलते तसं बोल. लोक हलून जातील."

"बोलेन, सर. डब्याचंही सांगेन."

सर हसले. "अगं, खाण्यापिण्याचं खासगी असतं. पीएचडी माझ्याकडेच करायचीय ना?"

"नाही, सर."

एवढंच. केबिनचं दार लोटून बाहेर आले.

घरी सगळं सांगितल्यावर आई भडकली. "कशाला बोललीस गं माय? पोरांच्या मायबापाला कळलं तर मेस बसंल."

कळलं. वर्गातली गोष्ट बाहेर गेलीच; काही पोरं न सांगताच यायची बंद झाली. उरलेल्यांतला किनवटचा एक ताट पुढे करून म्हणाला, "मावशी, गेले तर गेले. त्यांच्या वाटणीचा रस्सा इकडं टाका." आई हसली. त्याला रस्सा वाढला. मग मला म्हणाली, "पाटी काढ खाली. आडनाव लिही. मोठं लिही."

लिहिलं.

आजवर सर आमच्या गल्ल्यांमधून प्रश्न विचारत फिरले. आता विचारणार मी. दुसऱ्या मॅडमकडे पीएचडीला नाव घातलंय. विषय: शिकलेल्या माणसांची स्वयंपाकघरं. पहिली मुलाखत सरांचीच मागितली आहे. पहिला प्रश्न ठरलेला आहे. डबा का परत केला?

उत्तर दिलं तर लिहीन. नाही दिलं, तर तेही लिहीन.