द्राक्षबागेतला सत्कार

संध्या भोये आमच्या घरी वरच्या खोलीत दोनेक वर्षं राहिली. तरीही ती मला माहीत होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला चहात साखर किती लागते हे माजिदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक होतं; मला तेही नाही. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. जन्मभर सुटे भाग दिले-घेतले, माणसाबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तेव्हा यात चुका असतील. तिनं जिन्यात उभ्या उभ्या तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं ते, आणि पुढं तिचा मामा हिरामण तिचं सामान न्यायला आला तेव्हा चहावर जे बोलत बसला ते, एवढंच माझ्याजवळ आहे. दोन्ही जोडून सांगतो.

संध्या पेठकडच्या डोंगरातली. बाप देवराम, आई कमळाबाई. घरी थोडा भात, थोडी नागली. भाताची लावणी उरकून पाऊस ओसरला की पाड्यावरची सगळी टोळी खाली दिंडोरीला द्राक्षाच्या बागांत उतरायची. टोळीचा मुकादम हिरामणच. दिवाळीच्या आगेमागे बागेची छाटणी होते, आणि छाटलेल्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंबाच्या गाठी, सगळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना एक जहाल औषध लावतात. तिकडं त्याला नुसतं पेस्ट म्हणतात. फडक्याचा बोळा त्यात बुडवायचा आणि एकेका काडीवरून फिरवायचा. लावलेली काडी ओळखू यावी म्हणून त्यात लाल रंग घालतात, त्यामुळं हंगामभर या माणसांचे हात कोपरापर्यंत लाल. हातमोजे कोणी घालत नाही. मोज्यातून बोटाला डोळा लागत नाही म्हणतात, आणि काम मागं पडतं. देवराम पेस्ट लावण्यात टोळीत सगळ्यांत चपळ. त्याला जगात अभिमान असा त्या एकाच गोष्टीचा.

पोरगी आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला कॉलेज, आणि मग सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडात लीड्सला गेली. विषय कामगारांचं आरोग्य. तिथं एके दिवशी शेतीतल्या विषारी औषधांवर शिकवताना समोरच्या पडद्यावर तेच औषध आलं. बाईंनी सांगितलं, हे ज्याच्या अंगावर गेलं आहे त्यानं पुढं काही दिवस दारूला शिवू नये. चेहरा पेटतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो, माणूस जातोही. वर्गातल्या बाकीच्यांनी लिहून घेतलं. संध्यानं पेन खाली ठेवलं. कारण तिच्या टोळीत याच्या बरोब्बर उलटं मानत. पेस्ट अंगात भिनते आणि दारूनं ती उतरते, हा तिथला पिढीजात समज. दारू पिऊन एखाद्याची छाती भरून आली, तर औषध अजून उतरलं नाही म्हणून त्याला आणखी एक घोट पाजायचे. तिच्या लहानपणी सोमाकाका असाच गेला होता. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं.

ती परत आली ती एवढं एक धरून. बापाच्या हातातला तो पेला सुटला पाहिजे. बाकी देशाचं, समाजाचं काही ती कधी बोलली नाही.

आल्यावर तिला सगळ्याचीच शिसारी बसली. नाशकात खोली शोधताना लोक आधी आडनाव विचारत, मग गाव, मग 'अच्छा, तिकडच्या का' म्हणून हसत आणि खोली कालच गेली म्हणून सांगत. एका बाईनं तर तिला पाणी दिलं आणि ती उठल्यावर पेला वेगळा ठेवला. आमच्याकडं ती आली ती असे सतरा उंबरे झिजवून. आमचं घर नाशकातल्या द्वारका चौकाच्या अलीकडं, गल्लीच्या तोंडाशीच कचऱ्याचा ढीग. मला लाज वाटली. तसं म्हणालोही. ती म्हणाली, "घाणीचं काही नाही चाचा, घाणीला नाक सरावतं. मला मळमळतं ते लोकांच्या गोडपणानं."

हे मला तेव्हा कळलं नाही. हिरामणनं सांगितलं तेव्हा थोडं कळलं.

टोळी ज्याच्या बागेत वर्षानुवर्षं यायची तो बागायतदार समाधान. टोळीचे लोक त्याला अण्णा म्हणत. देवरामची पोरगी विलायतेहून आली हे कळल्याबरोबर त्यानं दिंडोरीच्या रस्त्याला मोठा फ्लेक्स लावला. मध्ये संध्या, गालांना पावडर फासल्यासारखी गोरी करून टाकलेली, भोवती समाधानअण्णा आणि त्याचे दहाबारा मित्र, कोणी हात जोडून, कोणी मोबाइल कानाला लावून. वर लिहिलं होतं, 'आमच्या मळ्याच्या लेकीची गरुडझेप'. संध्या बसमधून उतरली तेव्हा त्या फ्लेक्सच्या खाली, तिच्याच हनुवटीखाली, गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळून काळ्या झालेल्या होत्या. ती बघत उभी राहिली. पानटपरीवाला कौतुकानं म्हणाला, "तुम्हीच का त्या?" आणि बोलता बोलता तिथंच थुंकला.

तिला एका संस्थेत नोकरी मिळाली. बागायतदारांना मजुरांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं. थंडगार हॉल, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली, जेवणात दोन गोड पदार्थ. शेवटी दारातून चार मजूर आत आणायचे, त्यांच्या हातात मोजे चढवायचे, फोटो काढायचा. फोटो झाला की मोजे काढून घेऊन पुढच्या कार्यक्रमासाठी खोक्यात भरायचे. मोजे काढताना एका बाईनं विचारलं, हे आम्हाला नायत का? तर सगळा हॉल हसला. संध्याही हसली. ते हसू आपल्या तोंडावर कुठून आलं म्हणून रात्री ती स्वतःलाच शिव्या देत बसली असावी. सकाळी डोळे सुजलेले होते, असं माजिदा म्हणाली.

पेस्टच्या हंगामात ती सुटी काढून टोळीजवळ गेली. टोळीला राहायला समाधाननं औषधांची शेड दिलेली. एका बाजूला औषधांचे डबे, दुसऱ्या बाजूला ह्यांची अंथरुणं. प्यायचं पाणी औषधाच्याच रिकाम्या ड्रममध्ये. 'चार वेळा धुतलाय' म्हणून कमळाबाईनं तिला पेला भरून दिला. लहानपणी ती ह्याच शेडमध्ये झोपली होती, हेच पाणी प्याली होती. आता पेला तोंडाशी नेला आणि तिला मळमळून आलं. बाहेर जाऊन ओकली. आईनं दुसऱ्या दिवसापासून तिचं जेवण वेगळ्या ताटलीत, वेगळ्या ठिकाणी, पाहुणीचं वाढलं. संध्याला ते ड्रमच्या पाण्यापेक्षा जड गेलं.

त्या आठवड्यात तिनं बापाला गाठून सगळं समजावलं. देवराम भाकर खात होता, लाल हातांनीच. त्यानं शांतपणे ऐकलं. तिनं म्हटलं, यावर्षी शेवटच्या दिवसाची बाटली घेऊ नका, बाबा, एवढं एक माझं ऐका. देवराम म्हणाला, "बरं."

शेवटच्या दिवसाची बाटली म्हणजे तिथली रीत. बागेची शेवटची ओळ झाली की मालकानं नारळ फोडायचा, बायांना खण द्यायचा आणि गड्यांना बाटली. पहिला पेला मालक स्वतः भरून ज्याला देईल, त्याला तो हंगामाचा मान. त्या वर्षी समाधानअण्णानं रीत जरा वाढवली. संध्याचा सत्कार त्याच दिवशी, बागेतच ठेवला. मांडव, खुर्च्या, माईक. मित्रमंडळी गाड्यांतून आली. टोळी खाली जमिनीवर बसली, हात धुवायलाही कोणाला वेळ दिला नव्हता. फोटोत लाल हात चांगले दिसतील असं कोणीतरी म्हणाल्याचं हिरामणला आठवतं.

संध्याच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. भाषणं झाली. प्रत्येक जण म्हणाला की ही आमच्या मळ्याची लेक. ज्या मळ्यात तिच्या बापाला कधी खुर्ची मिळाली नव्हती, त्या मळ्याची. मग समाधान बाटली घेऊन उठला. पेला भरला आणि टोळीकडं बघून म्हणाला, "देवराम, ये पुढं. आज पहिला मान तुझा. लंडनवालीचा बाप हाय तू."

देवराम उठला. त्यानं पोरीकडं पाहिलं. हिरामण म्हणतो, तो पेला घेऊन नुसता ओठाला लावून खाली ठेवणार होता, तसं त्या दोघांचं आधीच ठरलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही. पण संध्यासमोर माईक होता, आणि ती माईकमध्येच बोलली.

"बाबा, नको."

बागेच्या चारी कोपऱ्यांना लावलेल्या कर्ण्यांतून ते घुमलं. मांडवात हशा पिकला. समाधान म्हणाला, "मॅडम, लंडनला लोक काय गंगाजल पितात काय?" पुन्हा हशा. टोळीतल्या गड्यांनीही तोंडावर हात धरला. देवरामचा चेहरा दगडासारखा झाला. मालकाचा हात पुढं आणि पोरीचा शब्द कर्ण्यात, अशात त्या माणसाला दुसरं काय करता आलं असतं कोण जाणे. त्यानं पेला घेतला आणि सगळा रिकामा केला.

फोटो चालू होते तेवढ्यात त्याचं तोंड लाल व्हायला लागलं. मग मान. शर्टाची गुंडी तोडत तो खाली बसला. हिरामण धावला तो दुसरा पेला घेऊनच. औषध चढलंय, उतरवायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं देवरामचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठाला लावला. संध्यानं नारळ टाकला, शालीत पाय अडकला, तरी पोचली आणि मामाच्या हातावर अशी फटकन मारली की पेला दोन ओळी पलीकडं जाऊन पडला. भाचीनं सख्ख्या मामाच्या हातावर, सगळ्या टोळीदेखत.

समाधानची पिकअप होती, पण तिच्यात खुर्च्या भरायच्या होत्या. तो आधी म्हणाला, जरा सावलीत निजवा, होईल बरा. तिनं स्वतः खुर्च्या ओढून खाली फेकल्या तेव्हा ड्रायव्हर निघाला.

दिंडोरीच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं काय झालं. मागून गाडीनं आलेला समाधान म्हणाला, उन्हात काम केलं, उपाशी होता. संध्या म्हणाली, "पेस्ट लावली होती आणि दारू प्यायले. दारू ह्यांनी दिली." डॉक्टरनं समाधानकडं पाहिलं आणि तो कामाला लागला. नंतर बाहेर समाधान तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "बेटा, तू घरचीच. घरचं असं बाहेर सांगायचं नसतं." मला वाटतं, तिची मळमळ ती हीच. शिवी दिली असती तर तिनं सोसली असती.

देवराम वाचला. दोन दिवसांनी बोलायला लागला तेव्हा पोरीला म्हणाला, "माईकात बोलायचं नव्हतं." दारूचा विषय त्यानं काढला नाही. कमळाबाई म्हणाली, "चार लोकांत बापाला उघडा पाडला तू." हिरामणनं तिच्याशी बोलणंच टाकलं. टोळीत बोलणं असं झालं की देवरामला पोरीची दृष्ट लागली. इतकं कौतुक, काहीतरी होणारच होतं. आणि पुढच्या वर्षी समाधाननं ह्या टोळीला बोलावलंच नाही, सुरगाण्याकडची दुसरी आणली. ते खापरही तिच्याच माथी.

टोळीला दुसऱ्या बागा मिळाल्या. देवराम पेस्ट लावायचं सोडेना. दारूही सोडली नाही. पण कमळाबाईनं एक दिवस फोन करून सांगितलं की तुझ्यासमोर तो घेणार नाय, तेवढी तुझी भीड त्याला हाय. झालं. संध्यानं नोकरीचा राजीनामा दिला. तिनं ठरवलं की मग हंगामभर आपण समोरच राहायचं.

मला हे पटलं नव्हतं. एवढं शिकून बागेच्या बांधावर बापाच्या पाळतीवर बसायचं, हे काय? पण मी कोण विचारणार. भीतभीत एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिकडं सगळे मला इन्स्पेक्टर म्हणतात, चाचा. मी बांधावर आले की गडी तोंड फिरवतात. मलाही त्यांच्याकडं बघवत नाही. शेडमधलं ड्रमचं पाणी अजून घशाखाली उतरत नाही." "पण बाबांनी मागच्या हंगामात घेतली नाही," एवढं म्हणून ती वर गेली.

सामान न्यायला आला तेव्हा हिरामण म्हणाला, ती आता तिकडंच पाड्यावर असते, हंगाम आला की टोळीमागं जाते. मी विचारलं, तुम्ही बोलता का तिच्याशी? तो म्हणाला, "ती चहा देते, मी घेतो." मग स्वतःचा हात उलटा करून बघत राहिला. नखांच्या कडेला जरासा लाल रंग होता, बाकी हात कोपरापर्यंत स्वच्छ होता. मोजे घालतो का ते मी विचारलं नाही.

ती आमच्याकडून शेवटची गेली ती एका सकाळी, हंगामाच्या तोंडावर. मी दारात पेपर वाचत होतो. खांद्याला पिशवी, हातात पाण्याचा कॅन. मला वाटलं होतं, मागच्या वर्षीसारखी हंगाम संपला की परत येईलच, म्हणून मी उठलोही नाही.

"चाचा, वरच्या नळाचा वायसर गेलाय. खाली बादली लावून ठेवलीय."

"बदलून टाकतो."

"बरं. निघते मग."

"हो, ये."